पहिल्या दोन गोष्टी

ग्रंथपालाने पुस्तकं सांभाळायची असतात, वाचायची नसतात, असं मी नोकरीभर लोकांना ठासून सांगत आले. हलवाई दिवसभर पेढे खात बसतो काय, असं वर विचारायचे. दिग्रसच्या आमच्या कॉलेजातून निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, म्हणून खरं काय ते सांगून टाकते. कथा-कादंबऱ्या मी भरपूर वाचल्या. पण वरच्या मजल्यावरच्या कपाटातली ती जाडजूड पुस्तकं, समाजशास्त्राची, तत्त्वज्ञानाची, ती मी झटकली, शिवली, त्यांना नंबर चिकटवले, वाळवीपासून जपली; वाचलं त्यातलं एकही नाही. दोनदा उघडून पाहिलं. दोन्ही वेळा पहिल्याच पानावर डोकं गरगरलं आणि वाटलं, हे आपल्यासारख्यांसाठी लिहिलेलं नाही. माझे वडील विहारात संध्याकाळी मोठ्याने वाचायचे आणि अडलं की तिथेच थांबून बसलेल्या चार माणसांना विचारायचे, याचा अर्थ काय व्हते गा? त्यांची मी मुलगी. तरी विचारायची लाज मला कुठून चिकटली कोण जाणे.

आणि अशा बाईच्या गळ्यात ढोले सरांनी उन्हाळी सिद्धांत वर्ग बांधला.

हा वर्ग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून नीट कळलेलं नाही. ढोले सर आमच्याकडे समाजशास्त्र शिकवायचे. मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं, वसतिगृह रिकामं असतं, आणि ऊन असं की कुत्रंसुद्धा जिन्याखालून हलत नाही. नेमक्या त्या दिवसांत सर तीन आठवड्यांचा वर्ग भरवायचे. तीसेक माणसं यायची. कोणी एम.ए. करणारे, कोणी शिक्षक, कोणी नुसते वाचायची खाज असलेले. इथेच राहायचं, मेसमध्ये जेवायचं आणि वाचायचं. काय वाचायचं, तर समाज असा का आहे यावर आजवर लोकांनी काय काय विचार केला ते. एक माणूस हुकूम सोडतो हे ठीक, पण दुसरा तो ऐकतो का? वरची जात आणि खालची जात हे कोणी ठरवलं, आणि ठरवणारे मरून गेले तरी ते टिकलं कसं? यालाच सिद्धांत म्हणतात, असं मला सरांनी सांगितलं होतं. परीक्षा नाही. प्रमाणपत्र मिळायचं, पण त्यावर इतकंच की हे इथे हजर होते.

सरांचा एक नियम होता. दिवसाला एक पान; लेख पुरा झाला नाही तर उरलेला ज्याचा त्याने नंतर वाचायचा. सकाळी सात ते अकरा वाक्यावाक्याने ते एकच पान वाचायचं, आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी त्यावर भांडायचं. नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी हसू यायचं. तिसऱ्या दिवशी तेच म्हणायचे, सर, आज अर्धंच घेऊ.

माणसंही नमुनेदार यायची. घाटंजीचा एक गडी पोलीस भरतीचा वर्ग समजून आला होता, पायात धावायचे बूट घालून. तीन दिवस तो पहाटे मैदानाला फेऱ्या मारून, घामाने निथळत वर्गात येऊन बसला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "बापू, इथं धावायची परीक्षा नसते." तो म्हणाला, "माहीत पडलं म्याडम. पण आता सुरू केलं तं पाहून घेतो, शेवटी काय होते थे." तो शेवटपर्यंत राहिला आणि आज शाळेत इतिहास शिकवतो. अजूनही पहाटे धावतो म्हणे.

या सगळ्यात माझं काम वाचनसंचाचं. त्या तीन आठवड्यांत जे लेख वाचायचे त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, टाचायच्या, प्रत्येकाला एक गठ्ठा द्यायचा आणि शेवटी परत घ्यायचा. संचावर पेनाने लिहायचं नाही हा माझा नियम. तो मी इतक्या कडक आवाजात सांगायचे की एका वर्षी एका प्राध्यापकाने पेनच माझ्याकडे जमा केला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती पुढे लागणार आहे. पुस्तक परत आलं की चांगला ग्रंथपाल ते नुसतं शिक्का मारून ठेवत नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरं ब्लेडने पानं कापून नेतात, इतकी सफाईने की पुस्तक बाहेरून जसंच्या तसं दिसतं. म्हणून आम्ही जुळणी बघतो. पानाच्या तळाचा शेवटचा शब्द आणि पुढच्या पानाचा पहिला शब्द, दोन्हीवर बोट ठेवायचं. वाक्य जुळलं तर पान आहे, नाही जुळलं तर गेलं. अर्थ समजायची गरज नसते. माझं बोट शंभर पानं एका दमात तपासायचं.

त्या वर्षी मात्र बोट फिरवायचंच राहिलं. दुसऱ्या आठवड्यासाठी सरांनी एक लेख काढून दिला, थांबण्यावरचा. म्हणजे दवाखान्यात, कचेरीत, रेशनच्या दुकानात माणूस ताटकळत थांबतो, त्यातून कोणाची सत्ता कशी चालते, असा. सरांच्या एका जुन्या मित्राने मराठीत करून टाइप केलेला होता आणि पानांवर आकडे घालायला विसरला होता. मी तो बाबारावांच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. लग्नसराई, दुकानात पत्रिकांची गर्दी, वर पंखा बंद. बाबाराव म्हणाले, "म्याडम, पाठपोट काय हाये थे एकदा..." माझा स्वभाव म्हणजे तापलेल्या रेतीतला हरभरा. मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "बारा कागद आहेत, बारा काढा, माझं डोकं नका खाऊ." त्यांनी प्रत्येक प्रतीला बारा काढले. मी बारा मोजून घेतले आणि संचात टाचून टाकले.

त्याच वर्षी रेखा राठोड आली होती. आमच्याच डेपोत कंडक्टर. माहेर उमरखेडकडच्या तांड्यातलं, सासरही तिकडचंच. बाहेरून बसून एम.ए. केलेलं, तिकिटाच्या मशीनशेजारी पिशवीत पुस्तक ठेवून. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाली होती आणि जूनमध्ये मुलाखत होती. वर्षाची सगळी रजा तिने या तीन आठवड्यांत घातली. ग्रंथालयाचा फॉर्म भरताना मला म्हणाली, "म्याडम, मी मनाशी ठरवलं हाये. हा वर्ग झेपला तं मुलाखतीले जाईन. नाही झेपला तं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकीन आन् घंटी वाजवीन निमूट." मी म्हटलं, "आधी फॉर्मवर सही कर."

दुसऱ्या आठवड्यात पुण्याकडून एक पाहुणे सर शिकवायला आले. मोठा माणूस, आवाज मधाळ. त्यांच्या वर्गात म्हणे सगळे माना डोलवत बसायचे. लेखाचे दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास, वर्ग चालू असताना, रेखा ग्रंथालयात आली. खांद्याला बॅग, हातात संच.

"घ्या म्याडम तुमचा गठ्ठा. मी चालली. दहा दहाची उमरखेड हाये."

"काहून? कोणी बोललं काय तुला?"

"कोणी कायले बोलन? सगळे चांगलेच हायेत. पण सगळ्याइले समजून राह्यलं आन् मलेच नाही. वर्गात एकेक पान चालते, मले दम नाही निघाला, म्हणून मी दुपारी बसून सगळा लेख वाचून काढला. पान पलटलं का माही गाडी रस्त्याच्या खाली. पुन्हा चढवतो, पुन्हा पलटलं का पुन्हा खाली. माह्यातच खोट हाये म्याडम. मशीनचं काम येते तेच करावं माणसानं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिकीट संपलं असं सांगावं तसं तिने ते सांगितलं, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं, कारण हेच वाक्य मी दोनदा स्वतःशी म्हणून पुस्तक मिटलं होतं. पण त्या घडीला मी काय केलं असेल? संच उघडला आणि ओरडले. प्रत्येक पानाच्या तळाशी निळ्या पेनाने बारीक अक्षरात मजकूर भरलेला.

"हे काय? पेनाने लिहायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं?"

"माफी द्या म्याडम. दोन पानांच्या मधात काही समजत नव्हतं, तं इथं काय असलं पाह्यजे थे मीच लिहून पाह्यलं. तेवढ्यानं तरी पुढचं पान लागते काय म्हणून."

मी कुठे कुठे लिहिलंय ते मोजायला सवयीने बोट ठेवलं. दुसऱ्या कागदाच्या तळाशी शेवटचे शब्द होते, 'ज्याच्या हातात'. तिसऱ्या कागदाच्या माथ्यावर, 'तिसरी गोष्ट म्हणजे'. बोट थांबलं. डोक्याला कळायच्या आधी बोटाला कळलं. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी. कपाटातून मूळ लेख काढला. बारा कागद, आणि दोन्ही बाजूंनी छापलेले. चोवीस पानं. बाबाराव जे विचारत होते ते हेच. वाटलं, आत्ताच्या आत्ता कपाटात शिरून दार लावून घ्यावं.

मी रेखाला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही गठ्ठे समोर ठेवले. तिने एकेक कागद उलटून पाहिला. मग तिने विचारलं,

"पण म्याडम, मंग त्या सगळ्याइले कसं समजलं?"

मी मनात काय मांडलं होतं तेही सांगते, लपवत नाही. रेखाला गुपचूप पुरी प्रत द्यायची, बाकीच्यांचे संच संध्याकाळी बदलायचे, विचारलं तर सांगायचं की शाई फिकी होती. कोणाला पत्ता लागला नसता. तोवरच्या नोकरीत माझ्या हातून पान गहाळ झालेलं नव्हतं आणि ते नाव मला फार प्यारं होतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ग्रंथालयात बसून देता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "चल, त्यांनाच विचारू." घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते.

वर्ग चालू असताना मी कधी आत गेले नव्हते. दारात उभी राहिले तेव्हा पाहुणे सर फळ्यापाशी होते. त्यांनी 'तिसरी गोष्ट' असं लिहून खाली रेघ मारली होती आणि सांगत होते, "लेखक एकदम तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो. पहिली आणि दुसरी तो सांगत नाही. ही त्याची खासियत. त्या दोन गोष्टी वाचकाने आपल्या मौनात शोधायच्या आहेत." तीसच्या तीस जण लिहून घेत होते. एका मुलीने तर 'मौन' या शब्दाला चौकट केली होती.

मी म्हटलं, "सर, एक मिनिट. लेखकाने काही सोडलेलं नाही. पहिल्या दोन गोष्टी माझ्या कपाटात होत्या."

मग सगळं सांगितलं. बारा कागद, चोवीस पानं, बाबाराव, माझं तोंड. चूक त्यांची नाही, माझी आहे, हेही. मला वाटलं आता पाहुणे सर भडकणार. ते हातातला खडू ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "मी हा लेख इंग्रजीतून शिकवलाय, एकदा नाही, अनेकदा. आणि तरी मला कळलं नाही की मधली पानंच नाहीत." ढोले सर मागच्या बाकावर होते. ते म्हणाले, "मला कालपासून अडखळत होतं. पण तुम्ही इतकं छान सांगत होता." मग पुढून एक जण म्हणाला, "सर, मलाही." खिडकीपाशी एक, "मलाही." हळूहळू सगळा वर्ग मलाही, मलाही करायला लागला, आणि ती चौकटवाली पोरगी वही मिटून इतकी हसली की तिला ठसका लागला.

ढोले सरांचं लक्ष रेखाच्या बॅगेकडे गेलं. "तुम्ही कुठं निघालात?"

"घरी, सर. दहा दहाची हाये."

"सर, आधी हे बघा," मी तिचा संच त्यांच्या पुढे केला. "या बाईने माझा नियम मोडलाय. जिथे जिथे पान नाही तिथे काय असायला हवं ते लिहून ठेवलंय."

सरांनी दुसऱ्या कागदाखालचं तिचं अक्षर मोठ्याने वाचलं. तिने लिहिलं होतं: किती वेळ थांबायचं हे ज्याला माहीत असतं तो ते सांगत नाही, सांगत नाही तोवरच तो साहेब. आणि खाली: रांग साहेब लावत नाही, रांगेतलेच एकमेकांना दाबतात, पुढे घुसू नको म्हणून, त्याचं काम हेच करून देतात.

मग सरांनी मूळ लेखातलं ते गहाळ पान वाचायला घेतलं. पहिली गोष्ट, किती थांबायचं याची माहिती एकाच्याच हातात असते. दुसरी गोष्ट, थांबणारे स्वतःच एकमेकांवर पहारा ठेवतात. शब्द भारदस्त होते, पण गोष्ट तीच. सरांनी पान खाली ठेवलं आणि पुन्हा रेखाचं वाचलं, जणू कोणी कोणाचं बघून लिहिलंय ते तपासत होते.

पाहुणे सर म्हणाले, "तुम्हाला हे कसं सुचलं?"

"सर, मी बारा वर्षं स्टँडवर उभी हाये. गाडी कवा येते थे कंट्रोलरले माहीत असते. जोपर्यंत तो माइकवर बोलत नाही तोपर्यंत सगळे त्याच्या तोंडाकडं पाह्यतात."

त्यानंतर एकेक जोड घेतली. काही ठिकाणी रेखाचं चुकलं होतं, काही ठिकाणी लेखक भलतीकडेच गेला होता. नवव्या कागदाखाली तिने लिहिलं होतं की इथे लेखक बायकांच्या थांबण्यावर आला असेल, कारण बाई रांगेत दिसत नाही, ती घरी थांबते, कोणी जेवायला येईपर्यंत, कोणी हो म्हणेपर्यंत, आणि त्या थांबण्याला कोणी थांबणं म्हणतच नाही. सरांनी गहाळ पान काढलं. त्यात ते नव्हतं. पुढचं काढलं. नव्हतं. चोवीसच्या चोवीस पानांत बाईचं नाव नव्हतं. पाहुणे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हे लेखकाने लिहायला पाहिजे होतं. त्याने लिहिलं नाही, तुम्ही लिहिलंत."

तेवढ्यात दहा दहाची गाडी कॉलेजसमोरून हॉर्न देत गेली. कंडक्टर असून रेखाने मान वळवली नाही. मी मात्र खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच एका रिकाम्या बाकावर बसून घेतलं. वर्ग त्या दिवशी एकपर्यंत चालला. मेसमधून दोनदा बोलावणं आलं.

जूनमध्ये ती मुलाखतीला गेली. एका साहेबांनी लांबलचक प्रश्न विचारला तेव्हा म्हणाली, "सर, मला समजला नाही, पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितला आणि मध्येच थांबून म्हणाले, खरंच की, नीट विचारलेलाच नाही. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी ग्रंथालयात शांततेचा नियम धाब्यावर बसवून मोठ्याने हसले. आता ती डॉक्टर रेखा राठोड आहे. प्रबंध कशावर, तर बसस्टँडवर थांबणाऱ्या बायकांवर. ढोले सर थकले, तेव्हापासून वर्गाचा दुसरा आठवडा तीच घेते.

त्या वर्षापासून आमच्याकडे एक रीत पडली. दरवर्षी कुठल्यातरी एका लेखातलं एक पान मी मुद्दाम काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवायचे. कोणत्या लेखातलं ते सरांनाही सांगायचे नाही. 'मला समजत नाही' असं जो पहिल्यांदा उभं राहून म्हणेल त्याच्या हातात ते पान द्यायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. बहुधा पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी उठतं. एका वर्षी मात्र पाच दिवस लागले. त्या वर्षी प्राध्यापक जास्त होते.

मी निवृत्त झाले आणि गेल्या मेमध्ये रेखाचा फोन आला. "मॅडम, या वर्षी संच करायला यायचं नाही. वाचायला यायचं." मी म्हटलं, माझं वय काय, डोळे काय. ती म्हणाली, "फॉर्म मी भरून ठेवलाय, नुसती सही करा." माझंच बोलणं माझ्यावर उलटवलं तिने. गेले. मागच्या बाकावर बसले, ज्या पुस्तकांना तीस वर्षं नंबर चिकटवले त्यातलाच एक लेख समोर घेऊन.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं गरगरायला लागलं, अगदी पूर्वीसारखं. पण आता मी या खेळातली जुनी खेळाडू. मनात म्हटलं, पोरीने पान काढलेलं दिसतंय. बोट ठेवून जुळणी पाहिली. जुळत होती. म्हटलं, शहाणी झालीय, जुळेल अशाच ठिकाणी काढलंय. आणि जन्मात पहिल्यांदा, समजत नाही असं म्हणायला, तीस माणसांसमोर मी उभी राहिले.

"रेखा मॅडम, मले हे समजून नाही राह्यलं. तुमी पान काढलं."

रेखाने माझ्याकडे पाहिलं. "नाही काढलं मॅडम. या वर्षी सगळी पानं आहेत."

वर्ग हसला. माझे कान तापले, आणि मग मीही हसले, कारण दुसरं करणार काय. रेखा माझ्या बाकापाशी आली. "कुठून समजत नाही?"

"दुसऱ्या ओळीपासून."

"मलाही," पुढच्या बाकावरचा एक पोरगा वळून म्हणाला. त्याच्या शेजारचीनेही हात वर केला. रेखाने फळा पुसला. "चला, दुसऱ्या ओळीपासून सगळेच पुन्हा वाचू," ती म्हणाली, आणि आपल्या खिशातला निळा पेन माझ्यासमोर ठेवला. "लिहा मॅडम, इथं काय म्हणायचं असेल त्याला."

मी लिहिलं. चुकलं. परत लिहिलं. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास ते पान मला समजलं. समास दोन्हीकडून निळा झालेला तो संच मी अजून परत केलेला नाही, आणि करणारही नाही.